वहिनी, ती वाक्यं मी कापली

वहिनी, तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. पाहुणे पांगले, चादरी धुऊन झाल्या, आणि उरलेले बुंदीचे लाडू मी शेजारीपाजारी वाटून टाकले, कारण ते डबे दिसले की मला चीड यायची. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "अगं, लाडवांनी तुझं काय घोडं मारलंय?" राग लाडवांवर नाही हो. तो कुणावर आहे ते लिहायलाच बसलेय.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, "मनमिळाऊ स्वभावाच्या" वगैरे भाऊजींनी पेपरात दिलं, ते पुरे. मनमिळाऊ काय कपाळ! तुमच्याइतकी भांडखोर बाई पंचवटीत दुसरी नव्हती. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि तेही एकच बोलायचंय. दोन वर्षं ते तोंडाशी आणून गिळत आलेय. आपल्या पुस्तकातली वाक्यं प्रकाशकाने कापली नव्हती. मी कापली.

झालं, सांगितलं. एवढंसंच होतं. मग डायलिसिसच्या त्या खोलीत आठवड्यातून दोनदा, चार-चार तास तुमच्या शेजारी स्टुलावर बसून हे मला का जमलं नाही? तिथे आपण भेंडीच्या भाजीपासून नातसुनेपर्यंत सगळं बोललो. अजून जिचा पत्ता नाही त्या नातसुनेला कुठल्या पाटल्या घालायच्या हेसुद्धा ठरवून झालं. आणि हे तेवढं राहिलं.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही म्हणाल, "मुद्द्यावर ये." येते हो.

मी या घरात धाकटी जाऊ म्हणून आले ती कॉन्व्हेंटचा तोरा घेऊनच. तुम्ही लासलगावच्या, मराठी शाळेतल्या, वडील कांदा मार्केटात कारकून. लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही मला विचारलंत, "माझी ग्रामर पक्की आहे, पण उच्चार कांद्याचे आहेत. तुझे चांगले आहेत. क्लास काढू या का?" मला हसू फुटलं, तुम्हालाही. पुढच्या खोलीत फळा लागला, भाऊजींनी पाटी रंगवली. तुम्ही व्याकरण, मी वाचन. पोरं तुम्हाला "बाई" म्हणायची आणि मला "मॅडम". त्या फरकाचा मला तेव्हा केवढा अभिमान होता! आता आठवलं की कुठे तोंड लपवू असं होतं.

सगळ्या पोरांचं घोडं अडायचं ते एकाच धड्यात. कर्ते दोन असले की क्रियापद कुठलं? इज की आर? सातपूरच्या कामगारांची पोरं, मखमलाबादकडची शेतकऱ्यांची पोरं, सगळी नियम घोकून यायची आणि पेपरात माती खायची. मी गाइडमधलं उदाहरण द्यायचे, "ब्रेड अँड बटर इज." पोरं बघत राहायची. मग तुम्ही उठायचात.

"घरी काय म्हणता रे? पिठलं-भाकरी झाली, की झाल्या?"

"झाली!"

"आणि मामा-मामी?"

"आले!"

"मग इंग्रजीला कशाला घाबरता? एका ताटात कालवून खाता ते एक. दोन ताटं मांडावी लागतात ते दोन. पिठलं अँड भाकरी इज रेडी. मामा अँड मामी आर हिअर. संपलं."

संपलं म्हणजे खरंच संपायचं. दोन ताटांची ती गोष्ट पोरं जन्मात विसरली नाहीत. "ॲज वेल ॲज" आलं की तुम्ही सासूबाईंना वाक्यात ओढायचात. मदर-इन-लॉ, ॲज वेल ॲज हर डॉटर्स-इन-लॉ, इज गोइंग टू त्र्यंबकेश्वर. "गाडी सासूबाईंची, आपण मागे लोंबकळतोय, म्हणून क्रियापद त्यांचंच ऐकणार." आतून सासूबाई ओरडायच्या, "माझं नाव कशाला घेताय गं?" आणि अख्खा क्लास फुटायचा.

आणि तुमची ती जोडीची पद्धत. धडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरातली एक जोडी शोधून आणायची. एकमेकांवाचून राहत नाहीत अशा दोन गोष्टी, नाहीतर दोन माणसं. ती फळ्यावर लिहायची आणि सगळ्या वर्गाने ठरवायचं, एक की दोन. मग तुम्ही ती त्या लांबड्या वहीत उतरवायचात, खाली पोराचं नाव घालून. तुमच्याच माहेरकडचा एक पोरगा होता, मावशीकडे राहून शिकायचा. त्याने "ट्रॅक्टर अँड ट्रॉली" आणली. वर्ग म्हणाला, एक. तोच उठून भांडायला लागला, "बाई, ट्रॉली सोडता येती की! लिलाव झाला का ट्रॉली एकीकडं न् ट्रॅक्टर एकीकडं. लय वेळा पाहिलंय मी." तुम्ही म्हणालात, "मग तूच लिही. जोडली तर इज, सोडली तर आर." मी आतल्या दाराशी उभी राहून कपाळावर हात मारला. हे असलं कुठल्या पुस्तकात लिहिलंय, असं विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, "माझ्या वहीत."

मिसळ-पाववरून तर आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. तुमचं म्हणणं, ते एकच. माझं म्हणणं, पाव जादा मागवावा लागतो, म्हणजे तो वेगळा. एका रविवारी मिसळ खाताना आपण इतक्या तावातावाने भांडलो की वेटर मधे पडला, "ताई, पाव बदलून देऊ का?" अजूनही माझं म्हणणं तेच आहे, सांगून ठेवते. पण आता कुणाशी भांडू?

सारिकाची जोडी आठवते ना? तेव्हा ती नववीत होती, खाली मान घालून बसायची. तिची पाळी आली तेव्हा तिने फळ्यावर लिहिलं, "माय फादर अँड हिज बॉटल इज इन द हाऊस." वर्गात कुणी तरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मला वाटलं, आता तुम्ही फळा पुसाल. मी पुसला असता. तुम्ही खडू हातात घेऊन तिच्याजवळ गेलात.

"जेवायला ताटं तू मांडतेस का गं?"

"हो बाई."

"बाबांना मांडतेस?"

"हो."

"बाटलीला मांडतेस?"

तिने मान वर केली. मग म्हणाली, "नाही."

"मग ते दोन आहेत. आर लिही. जरा मोठं लिही."

तिने इज पुसून आर लिहिलं. तुम्ही पुढच्या मुलाला उठवलंत, जणू काही झालंच नव्हतं. मी आत जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि उगाच साखर शोधत बसले. माझ्या इतक्या वर्षांच्या शिकवण्यात असा एकही दिवस नाही, वहिनी, आणि हे मी तुम्हाला कधीही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं. निदान त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला तरी.

मग पुस्तक निघालं. म्हणजे तुमच्या वहीचं पुस्तक करायची कल्पना माझीच, हे मात्र खरं. तुमचं डायलिसिस सुरू झालं होतं, क्लास बंद झाला होता, तुम्ही दिवसभर खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला मोजायचात. मी म्हटलं, वाक्यं सांगा, मी टाइप करते. त्या तीन महिन्यांत तुम्ही पुन्हा उजळलात. एकेका वाक्याला तुम्हाला पोराचं नाव, तोंडवळा, कुठल्या बाकावर बसायचा, सगळं आठवायचं. सारिकाचं वाक्य आलं तेव्हा तुम्ही थांबलात. म्हणालात, "हे तिला विचारल्याशिवाय नाही." फोन लावलात. ती अंबडला एका कंपनीत नोकरीला लागली होती. ती हो म्हणाली, नुसती हो नाही, म्हणाली, बाबांनाही सांगते. फोन ठेवल्यावर तुम्ही मला दोनदा बजावलंत, "हे वाक्य ठळक अक्षरात घ्यायचं."

दिवाळीच्या साफसफाईत ती वही तुम्ही स्वतःच्या हाताने रद्दीत दिलीत. "आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना, मग कशाला धूळ?" तुमचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

आता ऐका. फाइल प्रकाशकाला पाठवायच्या आधी मी ती माझ्या शाळेत नेली. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, स्टाफरूममध्ये सगळ्या फाडफाड बोलणाऱ्या. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. एका बाईने चार पानं चाळली आणि सगळ्यांना वाचून दाखवली. पिठलं अँड भाकरी इज. ट्रॅक्टर अँड ट्रॉली इज. म्हणाली, "हे व्याकरण आहे की मेनूकार्ड?" सगळ्या हसल्या. मग ती सारिकाच्या वाक्यापाशी आली आणि म्हणाली, "शी! हे मुलांच्या पुस्तकात?" आणि माझ्याकडे बघून, "तुझ्या जाऊबाईंचं असेल ना हे?"

मी काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, हो, त्यांचं आहे, आणि तुम्हा सगळ्यांना मिळून असं एक वाक्य सुचणार नाही. मी म्हटलं, "हो, त्यांचंच. मला अजून हात फिरवायचा आहे."

आणि फिरवला. घरी येऊन, तुम्ही शेजारच्या खोलीत झोपल्या असताना, एकामागून एक चाळीसेक वाक्यं काढली. त्यांच्या जागी ब्रेड अँड बटर आलं, हॉर्स अँड कॅरिज आलं, नियम होते तसेच ठेवले. ती स्टाफरूममधली बाई हसणार नाही असं पुस्तक तयार झालं. वर माझा दीडशहाणपणा बघा, तीच फाइल सेव्ह केली. त्याच नावाने, त्याच जागी. जुनी गेली. वही रद्दीत, फाइल माझ्या हाताने पुसलेली. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, पण तोवर ईमेल गेला होता. आणि खरं सांगू? परत मागवता आला असता, वाक्यं तुम्हाला पाठच होती. एक फोन करायचा होता.

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर दोघींची नावं, तुमचं आधी. तुम्ही चष्मा पुसून पान उलटायला लागलात. तो धडा आल्यावर एका पानावर थांबलात, मग पुढचं, मग मागचं. विचारलंत, "हे कॅरिज कुठून आलं?" आणि मी क्षणाचाही विलंब न लावता, वहिनी, एखाद्या सराईत खोटारडीसारखं म्हटलं, "अहो, प्रकाशकाने बदललं! मला न विचारता! मी भांडले त्याच्याशी." भांडलेसुद्धा म्हणाले! तुम्ही पुस्तक मिटलंत. म्हणालात, "छपाई छान आहे."

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही त्या प्रकाशकाला माझ्यादेखत शिव्या घातल्यात. डायलिसिसची सुई टोचताना नर्सला सांगायचात, "हळू टोच गं, मी काय तो प्रकाशक आहे?" कॅरिजवरून तर रोज एक. "मेल्याने पंचवटीतल्या पोरांना कॅरिज दिलं. टांगा तरी लिहायचास की रे!" मी हसायचे. तुम्हीही हसायचात, आणि हसता हसता माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, वाचले.

मग शेवटचा तो आठवडा. तुम्ही दोनदा विचारलंत. एकदा दुपारी, मशीन सुरू असताना, "तुला काही सांगायचंय का गं?" मी म्हटलं, "पाणी देऊ का?" तुम्हाला पाणी मोजून प्यायचं होतं, मला माहीत होतं, तरी मला सुचलं ते पाणीच. दुसऱ्यांदा घरी, मी वेणी घालत होते तेव्हा. "राहून गेलं असं काही नको ठेवूस." मी म्हटलं, "केस किती गळतायत तुमचे." काय माणूस आहे मी! चार दिवसांनी तुम्ही गेलात.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सारिका आली. सरळ ऑफिसमधून, गळ्यात ओळखपत्र तसंच. तुमच्या फोटोपाशी बराच वेळ उभी राहिली. मग माझ्यासमोर बसून म्हणाली, "मॅडम, मी बाबांवर कधी चिडले नाही. बाटलीवर चिडायचे. बाईंनी ते दोन केले ना, म्हणून." वडील अजून पितात, पूर्वीपेक्षा कमी. पुस्तक निघणार म्हटल्यावर त्यांनी तिला दोनदा विचारलं होतं, आलं का गं ते? मग ती म्हणाली, "पण त्यात वाक्य नव्हतं. बाईंचा मला फोन आला होता. म्हणाल्या, सारिका, तुझं वाक्य राहून गेलं, चूक माझी, मी नीट बघितलं नाही. माफ कर. बाईंनी माझी माफी मागितली, मॅडम. मला रडू आलं."

वहिनी, माझ्या हातात चहाचा ट्रे होता. बोलायची वेळ तीच होती, दुसरी कुठली येणार? मी म्हटलं, "बिस्किट घे ना."

ती गेल्यावर मी भाऊजींपाशी जाऊन बसले. म्हटलं, वहिनींनी स्वतःवर का घेतलं? प्रकाशकाचं नाव का नाही सांगितलं? भाऊजी आपले नेहमीसारखे, पेपरची घडी घालत, शांतपणे म्हणाले, "तिला माहीत होतं ना. पुस्तक आलं त्याच आठवड्यात तिने त्या माणसाला फोन करून झापलं. तो म्हणाला, बाई, तुमच्या जाऊबाईंनी पाठवलं तसंच छापलंय, काना-मात्रा इकडची तिकडे नाही."

"मग?"

"मग काय. फोन ठेवला. मग मला म्हणाली, आता तिच्यादेखत प्रकाशकाला शिव्या देत जायला हव्यात. थांबले तर तिला कळेल मला कळलंय."

मी रडलेही नाही धड. मला तुमचा राग आला, वहिनी, खरंच आला. इतक्या भांडखोर बाईला एवढ्याच एका गोष्टीवर भांडता आलं नाही? एकदा फाडकन बोलायचंत की! मिसळ-पावसाठी घसा फोडून भांडलात, आणि तुमची इतक्या वर्षांची पोरं मी पुसून टाकली तेव्हा म्हणे, छपाई छान आहे. तुम्ही मला सांभाळलंत, मला कळतंय. पण त्या सांभाळण्याचं ओझं आता मी कुठे ठेवू? तुमचे उपकार मानू की तुम्हाला जाब विचारू? दोन्ही एकदम होतंय, आणि दोन्हीला तुम्ही हवात.

काल दिवसभर मी एक करून पाहिलं. कागद घेतला आणि तुमची वाक्यं आठवायला बसले. बावीस आठवली. अठरा-एकोणीस तरी कायमची गेली. त्या पोरांची नावंही गेली, जी तुम्हाला बाकासकट पाठ होती. भाऊजींनी दोन सांगितली. एक त्यांनी चुकीचं सांगितलं असणार, कारण त्यात क्रियापदच नव्हतं.

आज सकाळी मात्र मी सारिकाला फोन लावला. आधी दोनदा कापला, मग लावला. ती ऑफिसात होती, मागे मशीनचा घरघर आवाज येत होता. मी नमस्कार-चमत्कार काही केलं नाही. म्हटलं, "सारिका, तुझं वाक्य बाईंकडून राहिलं नव्हतं. मी काढलं. शाळेतल्या बायका हसल्या म्हणून मला लाज वाटली. बाईंना मी खोटं सांगितलं, आणि त्यांनी तुझ्यापाशी ते स्वतःवर घेतलं. हे तुझ्या बाबांनाही सांग."

मागची घरघर कमी झाली, ती बाहेर आली असावी. मग तिचा आवाज आला, रागाचा नाही, अगदी साधा, शंका विचारायला वर्गात उभी राहायची तसा.

"मॅडम, हे तुम्ही बाईंना सांगितलं होतंत?"

"नाही," म्हटलं.